पट्टी कोणी चढवली?

आमचा गेम तालाचा. तीनतालाचा ठेका, सोबत पेटीवर लेहरा (ताल दाखवत पुन्हा पुन्हा वाजणारी धून), आणि पडद्यावरून खाली येणारे ठिपके मात्रेवर बरोबर टॅप करायचे. लेहरा एका बुजुर्ग पेटीवादकांनी वाजवून दिला होता. रिलीज तोंडावर आलेलं असताना त्यांचा फोन आला, "अरे, माझी पट्टी कोणी चढवली?"

माझ्या लिनक्सवर गेम लावून पाहिला. स्वच्छ काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हाच सा. ऑफिसातल्या विंडोजच्या मशीनवरही काळी एकच. म्हटलं, "काका, इथं तर बरोबर वाजतंय." त्यांनी जावयाच्या लॅपटॉपवर गेम चालू ठेवला, फोन शेजारी ठेवला आणि सरळ पेटी उघडली. पांढरी दोन दाबली, मग काळी दोन. "ऐकलंस? पांढरी दोनच्या वर गेलंय आणि काळी दोनला पोचत नाहीये. असला सूर माझ्या पेटीत नाहीच!"

तिथंच माझी ट्यूब पेटली. स्टुडिओत कोणी मुद्दाम पट्टी बदलली असती, तर ती कुठल्या तरी पट्टीवर नीट जाऊन बसली असती. अधांतरी सूर म्हणजे सँपल रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने वाजवायचे त्या दराचा घोळ. आमच्या फाइली 44100 हर्ट्झच्या. त्या 48000 ने वाजवल्या की सूर 1.088 पट वर जातो, म्हणजे दीड अर्धस्वराला किंचित कमी (पेटीवर एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर गेलं की एक अर्धस्वर). काकांच्या कानानं नेमकं तेच मोजलं होतं.

त्यांना साउंड सेटिंग उघडायला लावलं (यात बराच वेळ गेला, जावई घरी नव्हते). तिथं 48000 होतं. ऑफिसातल्या विंडोजच्या मशीनवर कधीकाळी कोणीतरी 44100 करून ठेवलेलं. ते बदललं आणि गेम पुन्हा लावला, तर आमच्याकडेही पट्टी चढली. शिवाय ठिपके मागे पडायला लागले, कारण ते वेगळ्या घड्याळावर चालत होते. एका मिनिटाचा लेहरा 55 सेकंदांत आटपत होता. मागून येणारा ठिपका टॅप करणार तरी कसा?

आवाजाचा कोड बाहेरच्या एका कंत्राटदारानं लिहिला होता, एसडीएल 2 वर. एसडीएल म्हणजे सॅम लँटिंगा यांनी 1998 मध्ये सुरू केलेली लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच. खिडकी, कीबोर्ड, जॉयस्टिक, आवाज या सगळ्यासाठी एकदाच कोड लिहायचा आणि तो विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे चालवायचा. मला ती मनापासून आवडते, कारण ती गेम कसा बांधायचा हे शिकवायला येत नाही. पण खालची यंत्रं वेगवेगळीच राहतात, आणि लोक नेमकं हेच विसरतात.

ऑडिओ डिव्हाइस उघडताना एसडीएल 2 ला आपण मागणी देतो, आणि प्रत्यक्षात काय मिळालं ते ती दुसऱ्या रचनेत भरून देते. शेवटच्या पॅरामीटरमध्ये शून्य दिलं, तर आपण मागितलेला दर कायम ठेवून खालचं रूपांतर ती स्वतः करते. 'दर बदलला तरी चालेल' असा फ्लॅग दिला, तर पुढची जबाबदारी आपली. या पठ्ठ्यानं फ्लॅग दिला होता आणि काय मिळालं ते वाचलंच नव्हतं. लिनक्सवर आवाज सांभाळणारा पल्सऑडिओ 44100 मुकाट्यानं घेतो आणि रूपांतर आपल्या पातळीवर उरकतो, म्हणून मला कधी संशय आला नाही. विंडोजवर मात्र सिस्टिमचा 48000 गळ्यात पडत होता.

टीममधला एक जण म्हणाला, थेट एसडीएल 3 वर जाऊ. तिथं ऑडिओ स्ट्रीमला आपला फॉरमॅट सांगितला की पुढचं रूपांतर आपोआप होतं, हे खरं. पण रिलीजच्या तोंडावर पाया उकरायला मी साफ नकार दिला. फ्लॅगच्या जागी शून्य टाकलं, ठिपक्यांचं घड्याळ काढून टाकलं आणि त्यांना वाजून गेलेल्या सँपलच्या मोजणीवर बांधलं. सूर आणि मात्रा एकाच दोरीला.

नवी बिल्ड काकांना पाठवली. त्यांचं उत्तर, "आता माझी पेटी वाटते. तबला मात्र थोडा कमी कर."

तक्रार आली ती आमच्या सर्वात तरबेज टेस्टरकडून. तो पहिल्यापासून घरच्या 48000 च्या मशीनवर खेळत होता. घाईत पळणाऱ्या लेहऱ्यावर, मागून येणारे ठिपके अंदाजानं पकडायचा सराव करून त्यानं सगळ्यांत जास्त गुण कमावले होते. त्यानं बग नोंदवला, 'गेम अचानक संथ झालाय.'