कलासंकुलाच्या उद्यानासाठी शिल्प घडवून घेताना : माझा अनुभव

आमच्या सामुदायिक कलासंकुलाच्या उद्यानात कायमस्वरूपी शिल्प उभारायचे ठरले, तेव्हा निवड समितीची जबाबदारी माझ्याकडे आली. शिल्पकारांकडून तयार संकल्पचित्रे मागवायची नाहीत, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवले. आधीची कामे पाहून मोजक्या शिल्पकारांची निवड करायची, त्यांना मानधन देऊन जागेवर बोलवायचे आणि मगच छोटी प्रतिकृती मागायची, असा क्रम ठेवला. विनामूल्य संकल्पना मागवल्या की जागा न पाहता केलेली, कुठेही खपून जातील अशी चित्रे हाती येतात. शिवाय कलावंताच्या विचारालाही मोल असते, हे कलासंकुलानेच मानले नाही तर कोणी मानायचे?

जागेचा विचार करताना मी समितीपुढे न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझाचे उदाहरण मुद्दाम ठेवले. तेथे अमेरिकी शिल्पकार रिचर्ड सेरा यांची ‘टिल्टेड आर्क’ ही सुमारे १२० फूट लांबीची पोलादी भिंत १९८१ मध्ये उभी राहिली. चौकातून रोज ये-जा करणाऱ्या अनेकांना ती अडथळा वाटली, जाहीर सुनावणी झाली आणि अखेर १९८९ मध्ये ती हटवण्यात आली. हे शिल्प त्याच जागेसाठी घडवले असल्यामुळे ते हलवणे म्हणजे नष्ट करणेच होय, अशी सेरा यांची भूमिका होती. मला दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणूनच करार करण्यापूर्वी लोकांचा वावर पाहणे मला अत्यावश्यक वाटले.

निवडलेल्या शिल्पाचा पूर्ण उंचीचा सांगाडा आम्ही बांबू आणि कापडाने नियोजित जागी उभा केला. टेबलावरच्या प्रतिकृतीत जे दिसत नव्हते ते येथे लगेच दिसले. तालमीच्या दालनाकडे जाणारे लोक फरसबंद वाट सोडून हिरवळीतून जेथून जात, नेमका तेथेच शिल्पाचा एक पाय येत होता. एक लहान मूल तर दोन पट्ट्यांमधल्या फटीतून डोके घालून पलीकडे पाहू लागले. मुलांच्या खेळसाहित्याच्या युरोपीय मानकांनुसार, चहूबाजूंनी बंदिस्त असलेली ८९ ते २३० मिलिमीटरच्या दरम्यानची फट धोकादायक असते, कारण तिच्यातून मुलाचे शरीर निघते, पण डोके अडकते. उद्यानातल्या शिल्पावर मुले चढणारच, हे गृहीत धरून शिल्पकाराने काही फटी अरुंद केल्या, काही मोठ्या केल्या आणि वाटेत येणारा तो पायही सरकवला. त्यामुळे रचना अधिक मोकळी झाली, असे माझे मत आहे.

साहित्य निवडताना कॉर्टेन पोलादावर बराच खल झाला. या पोलादावरचा गंजाचा थरच आतल्या धातूचे रक्षण करतो, परंतु त्यासाठी पृष्ठभाग आलटून-पालटून भिजावा आणि सुकावा लागतो. पाणी साचले, ओली माती लागून राहिली किंवा हवेत समुद्राचा खार असला, तर गंज थांबत नाही. म्हणून तळाशी पाण्याचा निचरा होण्यासाठी छिद्रे ठेवली आणि तळपट्टी जमिनीपासून वर उचलली. सुरुवातीच्या काळात पावसाबरोबर तांबूस पाणी ओघळते आणि फिकट दगडावर त्याचे डाग कायमचे बसतात, म्हणून भोवती फरशीऐवजी खडी पसरली. शिल्पाखालच्या काँक्रीटच्या पायाचे आरेखन स्ट्रक्चरल इंजिनिअरने केले. शिल्पाच्या वजनाइतकाच वाऱ्याचा दाबही तेथे हिशेबात धरावा लागतो, आणि माती-परीक्षणाशिवाय पायाची खोली ठरवता येत नाही.

करारनाम्यावर मी सर्वाधिक वेळ दिला. शिल्पाची मालकी संकुलाकडे आली तरी कलावंताचे नैतिक अधिकार, म्हणजे आपल्या कृतीच्या मोडतोडीला हरकत घेण्यासारखे कायदेशीर हक्क, संपत नाहीत. दिल्लीच्या विज्ञान भवनातील शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढले गेले आणि त्याची हानी झाली. त्याविरुद्ध सेहगल यांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. शिल्प हलवायचे, दुरुस्त करायचे किंवा काढायचे झाल्यास शिल्पकाराला किती आधी कळवायचे, दुरुस्तीची पहिली संधी कोणाला द्यायची, छायाचित्रे कोणी वापरायची, वाहतुकीत आणि क्रेनने उचलताना विमा कोणाचा, हे सर्व आम्ही कलमवार लिहून घेतले. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यायची ठरली आणि अंतिम हप्ता देखभालीची पुस्तिका हाती आल्यावरच द्यायचा, असे कलम घातले.

उभारणीचे काम सुरळीत पार पडले. शिल्प पायाला जखडणारे अँकर बोल्ट आधीच साच्याच्या मापाने काँक्रीटमध्ये बसवले होते. तळपट्टी समपातळीत आणून तिच्याखाली न आकसणारा ग्राउट (फट भरून काढणारे पातळ मिश्रण) भरला. आता दरवर्षी पावसाळ्यानंतर जोड, बोल्ट आणि निचऱ्याची छिद्रे तपासली जातात. त्या कामाचा खर्च उद्यानाच्या नव्हे, तर कलासंग्रहाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली धरावा, असा माझा आग्रह होता, आणि समितीने तो मान्य केला.