तुम्ही विचारलंत म्हणून : दिसत नाही ती सूज

"डॉक्टरसाहेब, पायवर सूज नही, तोंडवर नही, मंग रिपोर्टमा कशी उनी?"

अंगातला दाह मोजणाऱ्या एचएस-सीआरपी या रक्ततपासणीचा आकडा ३ च्या (लिटरमागे मिलिग्रॅम) वर गेला आणि आम्ही त्याला 'अंगातली सूज' म्हटलं, की चोपडा असो की साक्री, हा प्रश्न ठरलेला. त्याच्या मागोमाग दुसरा : मग सुजेची एखादी गोळी द्या ना!

घोळ शब्दाचा आहे आणि तो आम्हीच घातला. पाणी साचून पाय सुजतो ती सूज वेगळी, अंगठा दाबला की खड्डा पडणारी. ही त्यातली नाही. 'दाह' म्हटलं असतं तर निम्मे प्रश्न आलेच नसते, पण मग लोक ॲसिडिटीची गोळी मागतात.

हा दाह बऱ्याचदा चरबीतून येतो, आणि तिथे आमची दुसरी चूक, 'गोदाम' या उपमेची. चरबी म्हणजे जादा खाल्ल्याचं गोदाम, कमी भरा, जास्त उपसा. हे वर्षानुवर्षं सांगून झालंय, मीही सांगितलंय. पण जिनिंगच्या गोदामातल्या रुईच्या गाठी गप्प पडून असतात. चरबीची पेशी गप्प बसत नाही. रावेर-यावलच्या माणसाला केळी जास्त पटतील : बंद खोलीत एक घड पिकला की त्याच्या वायूने बाकीचे पिकायला लागतात. चरबीची पेशीही असेच रासायनिक निरोप सोडत असते.

वजन वाढतं तेव्हा ही पेशी तेल भरून फुगते, अगदी १०० मायक्रॉनच्याही पुढे. केशवाहिनीतून निघालेला प्राणवायू साधारण तेवढंच अंतर जाऊ शकतो. पेशी घुसमटते, एमसीपी-१ नावाचा निरोप सोडते. तो 'ऐकून' रक्तातल्या मोनोसाइट पेशी चरबीत शिरतात आणि मॅक्रोफेज, म्हणजे सफाई कामगार, बनतात. मेलेल्या पेशीतला तेलाचा थेंब एकट्या मॅक्रोफेजला गिळता येत नाही, म्हणून बरेच जण त्याभोवती कडं करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते मुकुटासारखं दिसतं. २००३ साली अमेरिकेतल्या दोन गटांनी उंदरांच्या चरबीत या मॅक्रोफेज पेशी मोजल्या. सडपातळ उंदरांत त्या १० टक्क्यांच्या आत होत्या, लठ्ठ उंदरांत ४० टक्क्यांच्या वर गेल्या.

ही मंडळी टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ हे दाह वाढवणारे निरोप सोडतात. टीएनएफमुळे इन्सुलिनचा निरोप पेशीच्या दारातच अडतो. आतड्याभोवतीच्या चरबीतला आयएल-६ पोर्टल शिरेने थेट यकृतात जातो आणि यकृत सीआरपी हे प्रथिन बनवतं. म्हणजे रिपोर्टमधला आकडा यकृताचा, पण हुकूम चरबीचा.

आता नेहमीचा तिसरा प्रश्न : "मग ती चरबी काढूनच टाका ना मशीनने." यावर मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण जाहिराती पाहून लोक लायपोसक्शनसाठी पैसे जमवायला लागतात.

२००४ साली अमेरिकेत १५ लठ्ठ बायकांची ही शस्त्रक्रिया झाली. त्यातल्या ७ जणींना मधुमेह होता. मधुमेह नसलेल्यांची सरासरी ९.१ किलो आणि मधुमेहींची १०.५ किलो चरबी काढली. १० ते १२ आठवड्यांनी सगळं पुन्हा तपासलं. सीआरपी तेवढाच, आयएल-६ तेवढाच, टीएनएफ तेवढाच. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद जिथल्या तिथे, रक्तदाबही. अंगावरून दहा किलो उतरले आणि रक्ताला त्याचा पत्ताच नाही! कारण काढली ती कातडीखालची चरबी, आतड्याभोवतीची जागची हलली नाही. आणि मागे उरलेल्या पेशी होत्या तेवढ्याच फुगलेल्या. खाणं कमी करून वजन उतरतं तेव्हा पेशींची संख्या फारशी घटत नाही, पण एकेक पेशी आकसते. म्हणून ८० किलोच्या माणसाचे चार ते आठ किलो असे उतरले, तर सीआरपी बहुधा खाली येतो.

"पण मी तर जाड नाही," असंही कुणीतरी म्हणतंच. २००४ मध्येच पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचे आकडे छापले : दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. तेव्हा वजनकाट्यापेक्षा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० ही हद्द.

राहिली गोळी. दाह आधी की इन्सुलिनचा बिघाड आधी, हे भांडण मिटलेलं नाही. कॅनाकिनुमॅब हे दाह उतरवणारं इंजेक्शन दहा हजारांवर हृदयरुग्णांवर वापरून पाहिलं. सीआरपी उतरला, हृदयविकाराचे झटके थोडे कमी झाले, पण नवा मधुमेह काही टळला नाही. म्हणजे वर मी जी साखळी इतक्या ठामपणे सांगितली, तिच्यातली एखादी कडी अजून हाती लागलेली नाही.

आणि तपासणीला उपाशीपोटी यायची गरज नाही, शेवभाजीच्या एका जेवणाने हा आकडा हलत नाही. सर्दी-तापात मात्र येऊ नका. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासा. १० च्या वर आला, तर चरबीला शिव्या देण्याआधी कुठे जंतुसंसर्ग नाही ना ते बघा, किडलेली दाढसुद्धा दाखवून या.