मान वर!

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि शाळेबद्दल लिहायला बसलो. पण प्रत्येक वाक्य फिरून सरांपाशीच यायला लागलं. बाकीच्या गुरुजनांनी माफ करावं. सरांचं नाव लिहीत नाही. भूगोल आणि पीटी एकाच माणसाकडे कधी होतं, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

शनिवारची सकाळची शाळा. कवायत संपत आली की सावधान, विश्राम, आणि मग सरांचा खास हुकूम, "मान वर!" सगळी पोरं मिनिटभर आभाळाकडे बघत उभी. शिट्टी वाजली की कुणाकडेही बोट दाखवून विचारत, "काय दिसलं?" नुसतं 'ढग' म्हटलेलं चालत नसे. "कसला ढग? पिंजलेला की थापलेला? चालला होता की थांबला होता?" पुस्तकातले तंतुमेघ, स्तरमेघ नंतर. एकदा एकजण म्हणाला, "काही नाही सर, नुसतं निळं." सर म्हणाले, "डोक्यावर जेवढं निळं, तेवढंच खाली माडांच्या शेंड्यांपाशी आहे का?" सगळ्यांच्या माना पुन्हा वर. नव्हतं! खाली पांढुरकं होतं. जन्मल्यापासून त्याच आभाळाखाली उंडारत होतो, आणि हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

एप्रिल १९८६. परीक्षा तोंडावर आणि हॅलेचा धूमकेतू पृथ्वीच्या जवळ आलेला. चंद्राचा उजेड नको म्हणून सरांनी अमावास्येच्या आसपासची रात्र धरली. पहाटे तीनला आठवीचा वर्ग मैदानात, अंगावर गोधड्या. दुर्बीण एकच, सरांनी कुणाकडून तरी मागून आणलेली. शेपटीवाली चित्रं बघून आमची डोकी आधीच चढलेली. प्रत्यक्षात दक्षिणेला, वृश्चिकाच्या खाली, कापसाचा बोळा ठेवल्यासारखं काहीतरी पुसट होतं म्हणे. माझ्या पुढचा पोरगा "एवढासाच?" म्हणाला, तशी त्याच्या डोक्यात टप्पल बसली. "शहात्तर वर्षांनी पाहुणा आलाय, आणि एवढासाच म्हणतोस?"

माझी पाळी आली. दुर्बिणीत नुसता काळोख, तोही हलणारा. मागची पोरं ढोसत होती. "दिसला?" "दिसला, सर!" सरांच्या बॅटरीला लाल जिलेटीनचा कागद बांधलेला होता, अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून. त्या लाल उजेडात त्यांनी वहीत माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली. नंतर दुर्बिणीशिवाय शोधायचीही हिंमत झाली नाही. शोधताना पकडला गेलो असतो.

समितीने 'सध्याची माहिती' मागितली आहे म्हणून सांगतो, मी ठाण्यात असतो, बँकेत मुख्य व्यवस्थापक आहे, मुलगी जर्मनीत शिकते. ठाण्याच्या आभाळात तारे बोटांवर मोजण्याइतके. पण मेच्या मध्यावर शून्य सावलीच्या दिवशी सोसायटीतल्या पोरांना गच्चीवर नेतो. पाण्याची बाटली उन्हात उभी करायची. दुपारी साडेबारा वाजून गेले की तिची सावली बुडाखाली गडप होते आणि पोरं ओरडतात. त्यांना अजून "मान वर" म्हणायचं धाडस केलेलं नाही, ते सरांचं.

शाळेत मागे येऊन गेलो तेव्हा मैदानात हायमास्ट दिवा लागलेला पाहिला. गरजेचाच असेल. पण त्याच्याखाली उभं राहून वृश्चिक शोधला, तर नुसती ज्येष्ठा तेवढी सापडली.

सर गेले त्याच्या आदल्या गणपतीत त्यांच्या घरी गेलो होतो. ओटीवर बसले होते. चहा झाल्यावर धीर करून म्हटलं, "सर, ८६ साली मला धूमकेतू दिसला नव्हता. खोटं बोललो."

"माहीत आहे," सर म्हणाले. "तू दुर्बीण माडावर धरली होतीस. नारळ मोज म्हणणार होतो, पण मागे रांग होती."