ठोका आणि घरघर

कंपनांवरून बेअरिंगचे दोष ओळखणाऱ्या आमच्या मशीन लर्निंग मॉडेलचा निकाल होता: पंपाच्या बेअरिंगची आऊटर रेस, म्हणजे बाहेरचं कडं, खराब, खात्री ०.९९. फिटरकाकांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "मॅडम, हिला ग्रीस पाहिजे. ठोका येत नाही, नुसती घरघर आहे." बेअरिंग उघडली. रेसवर ओरखडासुद्धा नव्हता.

त्या रात्री मी स्वतःचाच कोड पहिल्या ओळीपासून वाचायला बसले.

आम्ही केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा खुला डेटा वापरला होता. त्यात ६२०५ या क्रमांकाच्या बेअरिंगांवर विद्युत ठिणगीने मुद्दाम दोष पाडलेत: ०.००७, ०.०१४, ०.०२१ इंच. पंपातही ६२०५च होती, म्हणून भरवसा वाटला. कंपनाच्या सेकंदाला १२,००० नोंदी, त्यांचे २,०४८ नोंदींचे तुकडे, आणि प्रत्येक तुकडा पुढच्यावर निम्मा चढवलेला. मग सगळे तुकडे पिसून प्रशिक्षण आणि चाचणीत वाटले. म्हणजे चाचणीतल्या बहुतेक तुकड्यांचा निदान अर्धा भाग मॉडेलने आधीच पाहिलेला! शिवाय प्रत्येक आकाराच्या दोषासाठी बेअरिंग वेगळी. त्यामुळे मॉडेल दोष ओळखायला शिकलं की ती ती बेअरिंग, हे या चाचणीतून कळायला मार्गच नव्हता.

मी दोन आकारांवर शिकवलं आणि तिसरा आकार पूर्ण बाजूला ठेवला. अचूकता ९९.६ टक्क्यांवरून ६४ वर आली.

अशी गळती, म्हणजे चाचणीतला डेटा प्रशिक्षणात झिरपणं, नवी नाही. सायाश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी २०२३ मध्ये १७ विद्याशाखांतले २९४ शोधनिबंध तिने बाधित असल्याची नोंद केली. मला ते माहीत होतं, तरी माझ्या कोडमध्ये ती मला दिसली नाही. आणि ९९ च्या पुढचा आकडा पाहिला की आमच्याकडे सगळे अभिनंदन करतात. वाटणी कशी केली, हे कोणी विचारत नाही. याचा मला खरंच राग येतो.

काकांचा "ठोका" डोक्यातून जाईना. आऊटर रेसवर खड्डा असेल तर प्रत्येक गोळी त्यावरून जाताना आपटते. ६२०५ मध्ये हे शाफ्टच्या एका फेऱ्यात साधारण ३.५८ वेळा होतं, म्हणजे १,७९७ आरपीएमला सेकंदाला सुमारे १०७ ठोके. वंगण सुकलं की असा ठेका नसतो, सगळीकडे पसरलेला खरखराट असतो. पंपाच्या रेकॉर्डिंगचा एन्व्हलप, म्हणजे कंपनाच्या चढउताराची बाह्यरेषा, काढून पंपाच्या वेगानुसार ठोक्यांची जी वारंवारिता यायला हवी, ती पाहिली. तिथे शिखर नव्हतंच. दहा मिनिटांचं काम होतं. सहा महिन्यांत आमच्यापैकी कोणीही ते केलं नव्हतं, मीसुद्धा.

सकाळी ६४ चा तक्ता आणि तो आलेख सरांना पाठवला. उत्तर आलं, "सगळे डेटाची वाटणी अशीच करतात. आधी आपला शोधनिबंध जाऊ दे, मग बघू." मी कळवलं की या आकड्याखाली माझं नाव नको. अजून उत्तर नाही. मसुद्याच्या सारांशात ९९.६ तसाच आहे.