स्पाइक गार्ड उघडून पाहिला तेव्हा: ऑडिओ सेटअपला हाय व्होल्टेजपासून वाचवताना

अँप ज्या स्पाइक गार्डवर होता, तो आधी उघडला. आत एक इंडिकेटर, एक ओव्हरलोडचं बटण आणि फेज-न्यूट्रलमध्ये सोल्डर केलेली १० मिमीची एक चकती, म्हणजे एमओव्ही. अर्थिंगच्या बाजूला काहीच नाही. ते लाल 'रिसेट' बटण लोड जास्त झाला की सुटतं, व्होल्टेजशी त्याचा काडीचा संबंध नाही.

ही चकती करते काय? २७५ व्होल्टच्या एमओव्हीतून एरवी करंट जात नाही. काही मायक्रोसेकंदांचा झटका आला की ती वाहू लागते. २० मिमीची चकती (४३१ नंबरची) १०० अँपिअरला साधारण ७१० व्होल्टवर झटका रोखते. तेवढं क्षणभर बहुतेक पॉवर सप्लाय सोसतात. पण व्होल्टेज ३५० होऊन दहा-वीस सेकंद तसंच राहिलं, तर चकती तापते, तडकते, शॉर्ट होते आणि प्लास्टिकची पट्टी काळी पडते.

आणि आमच्याकडे, ओव्हरहेड लाइनच्या गावात, वळवाच्या पावसात होतं ते नेमकं हेच. झाडाची फांदी पडते किंवा डीपीवरच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) जोडाला कार्बन धरतो आणि न्यूट्रल सुटतो. मग शेजारच्या फेजवरचं घर आणि आपलं घर ४०० व्होल्टवर सिरीजमध्ये लागतात. शेजारी २००० वॅटचा गीझर चालू आणि आपल्याकडे २०० वॅटचा लोड असेल, तर हिशेबाने आपल्या वाट्याला ३६० च्या वर व्होल्ट येतात. ज्याचा लोड कमी, त्याचं नुकसान जास्त. रात्री नुसत्या स्टँडबायवर असलेला वूफर म्हणूनच जातो. ३६० व्होल्टला एसएमपीएसच्या (आजच्या हलक्या पॉवर सप्लायच्या) ४०० व्होल्टच्या मुख्य कपॅसिटरवर ५०० हून जास्त डीसी येतो. तो फुगतो किंवा फुटतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अँपमध्ये आधी ट्रान्सफॉर्मर घुमायला लागतो, मग फ्यूज जातो. फ्यूज गेला तर नशीब समजायचं.

म्हणजे दुखणी दोन, औषधंही दोन. पण त्याआधी अर्थिंग.

मल्टिमीटरने सॉकेटवर तीन मापं घेतली, घरात इस्त्री चालू ठेवून. फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ १९६, न्यूट्रल-अर्थ ३८. शेवटचा आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. ३८ म्हणजे अर्थची वायर कुठेतरी हवेत आहे. सापडली ती स्विचबोर्डातच, स्क्रूखाली न जाता नुसती दुमडून ठेवलेली. ती जोडल्यावर १.४ आला. पण या आकड्याने फक्त वायर सलग आहे एवढं कळतं, अर्थिंगचा खड्डा चांगला आहे का ते नाही. त्यासाठी अर्थ टेस्टर मागवला. खड्ड्याचा रेझिस्टन्स १४ ओहम निघाला, म्हणजे जास्तच.

नवा खड्डा घेतला. ४० मिमीचा जीआय पाइप, २.५ मीटर लांब, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती). मीठ-कोळसा स्वस्त पडतो, पण मिठाने पाइप गंजतो आणि दर उन्हाळ्यात पाणी घालत बसावं लागतं. जुना आणि नवा खड्डा एकमेकांना जोडल्यावर ३.८ ओहम आला. इथे एक चूक सर्रास होते: ऑडिओसाठी 'स्वच्छ' म्हणून वेगळं अर्थिंग करायचं आणि ते घरच्या अर्थिंगला जोडायचं नाही. जवळपास वीज पडली की दोन खड्ड्यांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक अँपच्या आतून वाट काढतो. खड्डे कितीही घ्या, जोडा मात्र एकत्र.

आता पहिलं औषध, डीबीत (घरच्या मेन वितरण पेटीत) टाइप २ एसपीडी, म्हणजे झटका अर्थकडे वळवणारं उपकरण. मी घेतला तो ३२० व्होल्ट कंटिन्युअस, झटक्याचा करंट २० किलोअँपिअर नॉमिनल, ४० कमाल, प्रोटेक्शन लेव्हल (झटक्यात पुढे जाणारं व्होल्टेज) १.५ केव्ही. आमचं अर्थिंग घराचं स्वतःचं असल्याने फेज-न्यूट्रलमध्ये एमओव्ही आणि न्यूट्रल-अर्थमध्ये गॅस ट्यूब असलेला १+१ प्रकार लागतो. जागा मेन स्विचनंतर लगेच, आरसीसीबीच्या (करंटची गळती झाली की लाइन तोडणाऱ्या स्विचच्या) आधी. नंतर लावला तर झटक्याला आरसीसीबी उगाच पडू शकतो. एसपीडीला कंपनीने सांगितलेला बॅकअप एमसीबी किंवा फ्यूज द्यायचाच.

इलेक्ट्रिशियनने काम फार नीटनेटकं केलं होतं. ६ स्क्वेअर मिमीची वायर, डीबीच्या कडेकडेने सुबक वळणं, चार क्लिपा. मोजली तर सव्वा मीटर. एक मीटर वायरचा इंडक्टन्स (झपाट्याने बदलणाऱ्या करंटला होणारा विरोध) ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री. १० किलोअँपिअरचा झटका ८ मायक्रोसेकंदांत चढतो, म्हणजे त्या मीटरभर तारेवरच हजार-बाराशे व्होल्ट पडतात आणि ते एसपीडीच्या १.५ केव्हीत मिळवायचे. फेजकडून एसपीडीपर्यंत आणि तिथून अर्थ बसबारपर्यंत (अर्थच्या सगळ्या वायरी जिथे जोडतात त्या धातूच्या पट्टीपर्यंत) मिळून अर्ध्या मीटरच्या आत वायर बसवायची. मी बसबार एसपीडीच्या शेजारी आणला आणि वायर तोडून ३५ सेंमी केली. दिसायला वाईट, पण बरोबर.

दुसरं औषध, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, डीआयएन रेलवर (डीबीत एमसीबी बसतात त्या पट्टीवर) बसणारा. हा झटका थांबवत नाही, त्याला तेवढा वेग नाही. पण न्यूट्रल सुटला की क्षणभरात लाइन तोडतो. वर ६३ अँपिअर छापलेलं असलं तरी स्वस्त रिलेच्या काँटॅक्टवर विश्वास ठेवला नाही. ऑडिओसाठी डीबीतून १६ अँपिअरच्या एमसीबीवर २.५ स्क्वेअर मिमीची वेगळी लाइन काढली आणि त्यावरच हा लावला. एसपीडी त्याच्या आधीच राहतो. ४०० च्या घरातलं व्होल्टेज बराच वेळ टिकलं तर एसपीडी बळी जाऊ शकतो, पण चांगल्या एसपीडीत आतला थर्मल डिस्कनेक्ट सुटतो आणि सहसा आग लागत नाही.

बसवण्याआधी टेबलावर तपासला. डिमरस्टॅटच्या (नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) आउटपुटवर प्रोटेक्टर, पुढे ६० वॅटचा बल्ब. डिमरस्टॅट २७० च्या पुढे जात नाही म्हणून कट-ऑफ तात्पुरता २५० ठेवला. नॉब हळूहळू फिरवला. प्रोटेक्टरवर २४८, २४९, २५० दिसलं आणि टक् करून बल्ब गेला. माझ्या मीटरवर तेव्हा २५३ होते, म्हणजे डिस्प्ले ३ व्होल्ट कमी दाखवतो. कायमची सेटिंग वरचा कट २६५, खालचा १७०, परत जोडायला १८० सेकंद. २५० ठेवणाऱ्यांकडे प्रोटेक्टर रोज पडतो. पहाटे लोड उतरला की आमच्याकडे २५४-२५५ सहज दिसतं. १८० सेकंदांचं कारण वेगळं: लाइट आली की पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत ती बऱ्याचदा डिम-फुल होते, पुन्हा जाते. ते सगळं अँपच्या डोक्यावरून जाऊ द्यायचं.

इतकं करूनही एक दार उघडं राहतं आणि लोक तिथेच फसतात. गच्चीवरच्या डिशची केबल सेटटॉप बॉक्सला, बॉक्सची एचडीएमआय एव्हीआरला (होम थिएटरच्या अँपला). मेन लाइन शाबूत असताना फक्त एचडीएमआय बोर्ड मेलेले एव्हीआर याच वाटेने येतात. डिशचा खांब घराच्या अर्थिंगला जोडला, ती कोअॅक्स केबल घरात शिरते तिथे कोअॅक्सचा सर्ज अरेस्टर लावला, टीव्हीचा आवाज एव्हीआरमध्ये एचडीएमआयऐवजी ऑप्टिकल केबलने घेतला. काच किंवा प्लास्टिकच्या तंतूतून वीज जात नाही. लांबच्या कोपऱ्यातला वूफर दुसऱ्या सॉकेटवर होता, तोही अँपच्याच पट्टीवर आणला. पट्टी बदलली: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्यांत एमओव्ही, सोबत थर्मल फ्यूज.

सगळं एका पट्टीवर आल्याने 'हम' (स्पीकरमधला घूं आवाज) कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. अशा वेळी अर्थची पिन काढून टाका, असा सल्ला मिळतो. तो ऐकू नये. चॅसिसला फेज लागला तर हात लावणाऱ्याला बसेल आणि पट्टीतल्या दोन चकत्याही बिनकामाच्या होतील. हम डिशच्या केबलमधून येत होता. कोअॅक्सचा ग्राउंड लूप आयसोलेटर (केबलच्या अर्थमधून फिरणारा करंट तोडणारा) लावल्यावर थांबला.

स्टॅबिलायझर मी घेतला नाही. रिलेवाला स्टॅबिलायझर टप्पे बदलताना स्वतःच खटके देतो, आणि वीज पडण्यावर त्याचा उपयोग नाही. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अँप चालवू नका, ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि तापतो.

घरावर किंवा खांबावर थेट पडलेल्या विजेपुढे यातलं काहीच पुरेसं नाही. तेव्हा प्लग काढलेला आणि डिशची केबल सोडवलेली हवी, तीही गडगडाट ऐकू येण्याआधी. नंतर त्या केबलला हात लावायचा नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं (हवामानावर संशोधन करणाऱ्या संस्थेचं) 'दामिनी' अॅप २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असेल तर कळवतं. एप्रिल ते जून आणि परतीच्या पावसात मी त्याची सूचना चालू ठेवतो.

आता दोनच गोष्टी पाहाव्या लागतात. जोराचा पाऊस होऊन गेला की एसपीडीची खिडकी हिरवी आहे ना. लाल झाली की मॉड्यूल बदलायचं. आणि मे महिन्यात, जमीन सर्वात कोरडी असताना, खड्ड्याचं माप पुन्हा घ्यायचं. पावसाळ्यात घेतलेला ३.८ मे महिन्यात ५.१ निघाला.