तुम्ही विचारलंत म्हणून: चुंबक चिकटलं नाही

"सर, हा दगड आकाशातून पडलेला आहे का हो?" निवृत्त होऊनही सुटका नाही. आठवड्याला एक तरी फोटो येतोच. शेजारी मापाला रुपयाचं नाणं, तेही धूसर.

नाही. बहुतेक वेळा नाहीच. आपलं खानदेश साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर बसलंय. काळा, जड दगड इथे शेताच्या बांधावर पडलेला असतो. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात, म्हणून चुंबक थोडं ओढ घेतं आणि तुमची झोप उडते. अंगावर भोकं असली तर ते वायूचे बुडबुडे. अशनीला, म्हणजे खरोखर आकाशातून पडलेल्या दगडाला, अशी भोकं सहसा नसतात. फारच जड आणि जाळीदार असेल, तर भट्टीतलं लोहकीट, म्हणजे लोखंड गाळताना उरलेला मळ.

अशनी बहुतेक दगडीच असतात, निव्वळ लोखंडाचे थोडे. पण त्या दगडातही सहसा लोह-निकेलच्या चकचकीत कणी आणि खसखशीएवढे गोल दाणे दिसतात. पृथ्वीवरचं असं धातुरूप लोखंड केव्हाच गाभ्यात बसलं, म्हणून आपल्या दगडात ते जवळजवळ सापडत नाही. हे मी वर्गात घसा फोडून सांगायचो. चुंबक खिशात असायचंच.

त्या खिशातल्या चुंबकाचीच ही गोष्ट. पारोळ्याकडचे एक म्हातारे बाबा एसटीने आले होते. टॉवेलात गुंडाळलेला लिंबाएवढा दगड, त्यावर शेंदराचे थर. "सर, हाऊ आभायमाईन पडेल शे." त्यांच्या आजोबांनी पडताना पाहिला होता म्हणे, तेव्हापासून देवघरात. मी चुंबक लावलं. चिकटलं नाही. पोरं बघत होती. मी हातोडी घेतली. परवानगी विचारली होती, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आलो. विचारली नव्हती. एका घावात तीन तुकडे. आत फिकट, हिरवट-करडे कण. "साधा दगड आहे बाबा." त्यांनी तुकडे उचलले, मग बोटाला थुंकी लावून टेबलावरचा चुरा टिपला, टॉवेलात बांधला आणि चहा न घेता गेले.

दोन वर्षांनी मला माणेगावच्या अशनीबद्दल वाचायला मिळालं. हे गाव आपल्याच खानदेशातलं, एदलाबादजवळचं, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरकडचं. 1843 साली तिथे पडलेला अशनी डायोजेनाइट जातीचा: जवळजवळ सगळा पायरॉक्सिन या खनिजाचा, धातू नावापुरता. ही जात व्हेस्टा या लघुग्रहावरून आली असं मानतात. तिथेही पृथ्वीसारखंच लोखंड खाली गाभ्यात उतरलं. अशा दगडाला माझं चुंबक कसं चिकटणार?

हिरवट रंग आपल्या दगडातही येतो, भोकांमधल्या सेलाडोनाइट या हिरव्या खनिजामुळे. तोच असेल, असं मी स्वतःला समजावतो. पण अशनीवर वितळलेल्या कवचाचा पातळ काळा पापुद्रा असतो आणि मी शेंदूर खरवडून पाहिलाच नाही. तेव्हाचा मी म्हणतो, दिवसाला चार दगड यायचे, प्रत्येकाची काय पूजा करायची? खरंय त्याचं. तरी नखाने खरवडायला वेळ किती लागतो? बाबांचं गाव मी टिपून घेतलं नव्हतं.

काल आलेला फोटो लोहकिटाचा होता. तसं स्पष्ट कळवलं. फोडू मात्र नका, असंही खाली लिहिलं.