एका पडीक रानातले तीन रविवार

लागोपाठ तीन रविवार मी एकाच पडीक रानात फुलांचे फोटो काढायला गेलो. चालत जाता येईल एवढं जवळ. केना, आंबुशी, एकदांडी, लाजाळू, सगळी तणातलीच फुलं. पण कॅमेरा जवळ नेला की तीन सकाळीही अपुऱ्या पडतात.

पहिल्या रविवारी पोचायला अकरा वाजले. वारा सुटला होता आणि केना मिटायला लागला होता. तो सकाळी उमलतो, दुपारपर्यंत आटोपतो. ढीगभर फोटो काढले, एकही धड आला नाही.

दुसऱ्या रविवारी उजाडताच गेलो. हवा अगदी स्थिर, पानांवर दव. आधी केना घेतला. आंबुशी ऊन आल्याशिवाय उघडत नाही, म्हणून ती नंतर. हा क्रम चुकवू नका.

खरी झटापट फोकसची. मॅक्रो लेन्सने, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या लेन्सने, एकास एक मोठेपणा घेतला (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर फूल खऱ्या आकाराइतकंच उमटलं), तर फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एफ/८ ला (लेन्सचं छिद्र बऱ्यापैकी लहान ठेवूनही) जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. केन्याचे पिवळे वांझ पुंकेसर नीट आले की मागची निळी पाकळी धूसर! त्यात या अंतरावर सेन्सरवर येणारा प्रकाशही दोन स्टॉपने, म्हणजे एक चतुर्थांशावर, घटतो. म्हणून आयएसओ, म्हणजे प्रकाशाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवायला कचरू नका. थोडे दाणे चालतात, हललेलं फूल चालत नाही. मी ऑटोफोकस बंद करतो, हवा तो मोठेपणा ठरवून ठेवतो आणि अंग किंचित पुढेमागे झुकवत सलग पाचसहा फोटो घेतो. कॅमेऱ्याची पाठ पाकळीला समांतर धरली तर तेवढ्याच खोलीत बरंच जास्त मावतं. मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

मॅक्रो लेन्स नसेल तर ५० मिलिमीटरच्या लेन्समागे २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लावा, निम्मा मोठेपणा मिळतो. सुरुवातीला तेवढा भरपूर आहे. ऊन कडक झालं की फूल आणि सूर्य यांच्यामध्ये पांढरं पातळ कापड धरायचं.

तिसरा रविवार एकदांडीचा. तिचं एक फूल म्हणजे खरं तर फुलांचा गुच्छ. मधली पिवळी फुलं कडेकडून आत उमलत जातात. कडेची उघडलेली आणि मधल्या कळ्या मिटलेल्या, असं फूल निवडा. मला ते शोधायला अर्धा तास लागला, आणि तो फोटो या तिन्ही सकाळींतला माझा सगळ्यात आवडता आहे.

आड येणारी गवताची काडी तोडू नका, बाजूला वाकवून धरली तरी काम भागतं.

लाजाळू मात्र राहिली. ट्रायपॉडचा पाय लागला आणि गुलाबी गोंड्याखालची सगळी पानं मिटली. ती पुन्हा उघडायला दहा-पंधरा मिनिटं तरी जातात, आणि तोवर वारा आला. तुम्ही गेलात तर ट्रायपॉड हातभर लांबच उभा करा आणि मग पानांना धक्का न लावता हळूहळू पुढे सरकवा.